पिक कशाचा करावा?

गिटार छेडण्याचा पिक आजवर ज्या ज्या पदार्थांचा झाला, त्यांपैकी जवळजवळ एकही त्या कामासाठी म्हणून जन्माला आलेला नव्हता. पिसे पक्ष्यांची होती, कवच कासवाचे होते, सेल्युलॉइडचा शोध बिलियर्डच्या चेंडूंच्या खटपटीतून लागला आणि डेलरिन यंत्रांची दातेरी चाके करायला बाजारात आले. वादकाने प्रत्येक वेळी शेजारच्या धंद्यातून काहीतरी उचलले, कापले, घासले आणि तारेवर लावून पाहिले. घरी पिक करायला बसणारा माणूस म्हणूनच दुकानातल्या वस्तूची नक्कल करत नसतो. पिक पहिल्यापासून ज्या रीतीने घडत आला, तीच रीत तो पुढे चालवत असतो.

या रीतीचा सर्वांत जुना आणि सुंदर नमुना म्हणजे पीस. अरबी ऊद हे वाद्य पूर्वी लाकडी पट्टीने छेडत. ९व्या शतकात बगदादहून स्पेनमधल्या कॉर्डोबाला गेलेल्या झिर्याब या गायक-वादकाने तिच्या जागी गरुडाच्या पिसाचा दांडा आणला, असे परंपरा सांगते. युरोपातले ल्यूट मध्ययुगात पिसाच्याच दांड्याने वाजे. हार्पसिकॉर्ड या पट्ट्यांच्या वाद्यात तर प्रत्येक पट्टीमागे कावळ्याच्या किंवा डोमकावळ्याच्या पिसाचा बारीक काप बसवलेला असे आणि पट्टी दाबली की तो काप तार छेडून निसटे. पीस का, याचे उत्तर त्याच्या दांड्यात आहे. तो केराटिनचा असतो. वाकतो, पण वाकलेला राहत नाही, आणि चाकूने हवा तेवढा पातळ करता येतो. हार्पसिकॉर्ड बनवणाऱ्यांनी २०व्या शतकाच्या उत्तरार्धात पिसाच्या जागी प्लॅस्टिक आणले, तेव्हा त्यांच्या पसंतीला उतरलेले प्लॅस्टिक होते डेलरिन. गिटारच्या पिकवालेही थोड्याच वर्षांत त्याच पदार्थापाशी येऊन पोचले. दोन वेगळ्या वाद्यांचे कारागीर आपापल्या वाटेने एकाच ठिकाणी यावेत, हे मला फार बोलके वाटते. तारेला काय हवे ते ठरलेले आहे. ते कशातून मिळवायचे एवढेच माणसाच्या हाती आहे.

कासवाचे कवचही केराटिनच. पिकसाठी, तसेच कंगवे आणि चष्म्यांच्या चौकटींसाठी, हॉक्सबिल जातीच्या समुद्री कासवाच्या पाठीवरचे खवले वापरत. ते गरम पाण्यात मऊ होतात, दाबून सपाट करता येतात, झिजतानाही कड गुळगुळीत ठेवतात. मँडोलिनवादकांना ते अतोनात प्रिय होते आणि कवचाच्या या सगळ्या मागणीपायी ही जात नामशेष होण्याच्या काठावर आली. १९७० च्या दशकात आंतरराष्ट्रीय कराराने तिच्या व्यापारावर बंदी आली. आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत ती आहे. जुन्या पेटीत असा पिक सापडला तरी त्याची खरेदी-विक्री करू नये. हा विषय आवडीनिवडीचा उरलेला नाही. बाजारातल्या कितीतरी पिकवर आजही तपकिरी-पिवळे ढगाळ ठिपके असतात. ती या कवचाचीच नक्कल, आणि नक्कल आहे हेच चांगले.

ही नक्कल साधली सेल्युलॉइडला. अमेरिकेत हस्तिदंताचे बिलियर्डचे चेंडू महाग झाले, पर्याय शोधणाऱ्याला एका कंपनीने १०,००० डॉलरचे बक्षीस लावले आणि जॉन वेस्ली हायट याने १८६९-७० च्या सुमारास नायट्रेट केलेल्या सेल्युलोजमध्ये कापूर मिसळून हा पदार्थ सिद्ध केला. कापूर आपल्या देवघरातलाच. सेल्युलॉइडचा तुकडा जोराने घासला की कापराचा वास येतो आणि जुना पिक कशाचा आहे हे ओळखण्याची ती बिनधोक खूण आहे. जाळून मात्र पाहू नये, कारण हा पदार्थ भडका उडाल्यासारखा पेटतो. १९२२ मध्ये न्यूयॉर्कमध्ये लुइजी डी'आंद्रेआ याने सेल्युलॉइडच्या पत्र्यातून साच्याने पिक कापायला सुरुवात केली. त्याच्या कारखान्याने आकारांना क्रमांक दिले होते. त्यांतला ३५१ क्रमांकाचा, गोल खांद्यांचा त्रिकोण आज साध्या पिकचा सर्वमान्य आकार झाला आहे: साधारण ३० मिलिमीटर लांब, २६ मिलिमीटर रुंद. घरी साचा करायचा तर हीच मापे धरावीत.

१९८१ मध्ये जिम डनलॉप यांच्या कंपनीने डेलरिनचे टॉर्टेक्स पिक आणले. जाडीप्रमाणे रंग ठरवण्याची त्यांची पद्धत गिटार शिकणाऱ्या मुलांना तोंडपाठ असते. लाल ०.५० मिलिमीटर, नारिंगी ०.६०, पिवळा ०.७३, हिरवा ०.८८, निळा १.०, जांभळा १.१४. ही रंगमाला मुद्दाम सांगतो आहे, कारण घरच्या वस्तू शोधताना आपल्याला नेमकी हीच पट्टी लागणार आहे. पहिला आणि शेवटचा रंग यांत पाऊण मिलिमीटरचेही अंतर नाही, तरी हाताला हे दोन पिक दोन वेगळ्या जगांतले वाटतात.

याचे कारण साधे आणि सुंदर आहे. पातळ पट्टीचा ताठपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. जाडी दुप्पट केली तर ताठपणा आठपट होतो. अर्ध्या मिलिमीटरवरून पाऊण मिलिमीटरवर गेलो की तोच पदार्थ साडेतीन पटींच्या आसपास ताठ. म्हणून घरी पिक करणाऱ्याने ‘हे प्लॅस्टिक कोणते’ असे विचारण्याआधी ‘हे किती जाड’ असे विचारावे. व्हर्निअर कॅलिपर असेल तर उत्तमच. नसेल तर झेरॉक्सचा कागद घ्यावा. नेहमीच्या ७५-८० ग्रॅमच्या कागदाची जाडी मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढी असते. पाच कागद म्हणजे अर्धा मिलिमीटर, सात-आठ कागद म्हणजे मध्यम पिक. कागदांची चळत आणि तपासायचा तुकडा शेजारी ठेवून दोन्हींवरून नख फिरवले की फरक कळतो, आणि बोटांना ही सवय लवकर लागते.

घनाच्या या नियमाचा दुसरा उपयोग पातळ वस्तूंबाबत होतो. एक्स-रे फिल्म घ्या. ती आपल्याकडे कपाटाच्या वरच्या खणात पडलेली असतेच. तिचा पाया पॉलिस्टरचा, चिवट, पुन्हा सरळ होणारा, अगदी पिकला शोभेलसा. पण जाडी ०.१८ मिलिमीटरच्या आसपास. दोन तुकडे नुसते एकावर एक धरले तर ताठपणा दुप्पट होतो. तेच एकजीव चिकटले तर आठपट. सगळी अडचण या ‘एकजीव’मध्ये आहे, कारण पॉलिस्टरला साधा गोंद धरत नाही आणि स्ट्रमिंग करताना थर सुटू लागले की तारेवर फडफड ऐकू येते. माझ्या मते एक्स-रे फिल्मचा खरा उपयोग आकाराचा साचा कापण्यापुरता. ती पारदर्शक असल्याने खालचा पदार्थ दिसतो आणि खोट असलेली जागा टाळता येते. फिल्मविषयी आणखी एक सांगायला हवे. तिचा पाया पूर्वी सेल्युलॉइडसारख्याच नायट्रेटचा असे. १५ मे १९२९ रोजी अमेरिकेतल्या क्लीव्हलँड क्लिनिकच्या तळघरात साठवलेल्या अशा फिल्म पेटल्या आणि त्यांतून निघालेल्या विषारी वायूंनी सव्वाशेच्या आसपास माणसे दगावली. त्यानंतर रुग्णालयांनी सुरक्षित पायाच्या फिल्मकडे वळण्याची घाई केली. आजची फिल्म त्या अर्थाने निर्धोक आहे.

आता घरातल्या सर्वांत चांगल्या पत्र्याकडे येऊ: बँकेचे मुदत संपलेले कार्ड. जगभरच्या बँकांच्या कार्डांचे माप आंतरराष्ट्रीय मानकाने बांधलेले आहे. लांबी ८५.६० मिलिमीटर, रुंदी ५३.९८ आणि जाडी ०.७६ मिलिमीटर. म्हणजे टॉर्टेक्सच्या पिवळ्या पिकच्या अगदी शेजारी. पदार्थ बहुधा पीव्हीसी. ते पुरेसे ताठ असते, कात्रीने कापले जाते, घासल्यावर कड नीट होते. एका कार्डातून चार-पाच पिक सहज निघतात. नवे सिमकार्ड ज्या चौकटीत येते ती चौकटही याच मापाची, आणि तिच्यावर कुणाचा आकडा किंवा नाव नसल्याने ती कापायला जास्त बरी. बँकेचे कार्ड कापायचेच असेल तर आधी चिपमधून आणि चुंबकीय पट्टीतून उभी कात्री चालवावी. टेकवून पैसे देण्याच्या कार्डात कडेने तांब्याची बारीक तार फिरवलेली असते, ती पिकच्या टोकाशी येणार नाही असे पाहावे. चालू असलेल्या ओळखपत्राला हात लावू नये. पीव्हीसी तापवूनही पाहू नये. त्यातून घशाला आणि डोळ्यांना झोंबणारा हायड्रोजन क्लोराइड वायू निघतो.

कार्डाच्या पिकचा स्वर मला थोडा बोथट वाटतो. छपाईचे, पारदर्शक संरक्षणाचे आणि मधले असे त्याचे थर असतात आणि काही दिवसांच्या जोरकस स्ट्रमिंगनंतर टोकाशी ते उकलू लागतात. पण पहिला पिक म्हणून, आणि आपल्याला कोणती जाडी मानवते हे समजून घेण्यासाठी, त्याला तोड नाही. तेच कार्ड पॉलिश पेपरवर सपाट घासत नेले तर टोकाकडचा भाग ०.६ मिलिमीटरपर्यंत उतरवता येतो आणि एकाच पदार्थाचे दोन स्वभाव हातात येतात.

पदार्थ पारखण्याची एक चाचणी कुठल्याही वस्तूला लागू पडते. पट्टी दोन बोटांत धरून वाकवावी आणि सोडावी. ताबडतोब सरळ झाली तर ती कामाची. वाकलेली राहिली तर तिची छाया स्वरात उतरणार, कारण तारेने मागे ढकललेला पिक पुढच्या ठोक्याच्या आत जागेवर यायला हवा. श्रीखंडाच्या किंवा आइस्क्रीमच्या डब्याचे झाकण इथेच अडखळते. ते बहुधा पॉलिप्रॉपिलीनचे असते. जाडी जमते, कितीही दुमडले तरी मोडत नाही, पण त्याचा ताठपणा पीव्हीसीच्या निम्म्याच्या आसपास. ते आळसावून सरळ होते आणि काही गाण्यांतच त्याच्या कडेला तंतू सुटतात. अंगाई वाजवायला, किंवा शेजारी झोपलेले असताना सराव करायला, हा मऊ पिक खरोखर चांगला. पाण्याच्या बाटलीचे पेट प्लॅस्टिक उलट, ताठ आणि झिजेला चिवट. पण बाटलीची भिंत फार पातळ, शिवाय गोलाईची. शाळेची पारदर्शक फुटपट्टी अनेकदा पॉलिस्टायरीनची असते आणि वाकवली की काडकन मोडते. सीडी १.२ मिलिमीटर जाड, पॉलिकार्बोनेटची. पिकसाठी पदार्थ वाईट नाही, पण कापताना तडे जाऊन धारदार कपच्या उडतात आणि वरचा चकचकीत थर सुटत राहतो. डोळ्यांवर चष्मा नसेल तर ती कापायच्या भानगडीत पडू नये.

मला मनापासून सुचवावासा वाटतो तो तुकडा सनमायकाचा. घरात सुतारकाम झाले की ०.८ किंवा १ मिलिमीटर जाडीच्या पट्ट्या उरतात. कागदाचे थर रेझिनमध्ये भिजवून, तापवून, दाबून तो पत्रा केलेला असतो आणि त्याचा ताठपणा पीव्हीसीच्या तिपटीच्या आसपास भरतो. म्हणजे एक मिलिमीटरचा सनमायका जवळजवळ वाकतच नाही. एकेक स्वर वेगळा उचलून वाजवणाऱ्याला, मँडोलिनच्या जोडतारांवर वेगाने हात चालवणाऱ्याला हवा असतो तो हाच गुण. स्वर उजळ, टणक, पहिला ठोका स्पष्ट. दोष एकच, कड ठिसूळ असते. कात्रीने कापू नये; बारीक पात्याच्या करवतीने आकाराबाहेर दोन मिलिमीटर सोडून कापावे आणि उरलेले घासून काढावे. घासताना तोंडाला मास्क हवा आणि पॉलिश पेपर ओला हवा, म्हणजे धूळ उडत नाही. इलेक्ट्रॉनिक सर्किटचा हिरवा बोर्डही दिसायला असाच, पण त्यात काचेचे तंतू असतात. तो घासू नये.

नायलॉनची गोष्ट वेगळी. विकत मिळणारे पांढरे-करडे पिक पुष्कळदा नायलॉनचे असतात, कारण ते चिवट असते आणि तारेवरून अलगद निसटते. पण नायलॉन हवेतली ओल पिते. पूर्ण कोरडे असताना त्याचा जो ताठपणा असतो, तो ओल मुरल्यावर निम्म्यापर्यंत उतरू शकतो. रत्नागिरीत किंवा पणजीत जुलै महिन्यात तोच पिक जरा मवाळ वाटला तर तो भास नव्हे. किनाऱ्यावर राहणाऱ्यांनी नायलॉन घ्यायचेच तर थोडे जाड घ्यावे. डेलरिन ओल फारशी घेत नाही. ते घरात सहसा सापडत नाही, पण लेथवर बुश कातणाऱ्या कारखान्यात हे नाव सर्वांच्या ओळखीचे असते. कातलेल्या दांड्याचा उरलेला तुकडा मागून त्याची एक मिलिमीटरची चकती उतरवून मिळाली, तर तिचा पिक दुकानातल्या पिकला सरस ठरू शकतो.

धातूबद्दल मत देताना सगळे ब्रायन मे यांच्याकडे बोट दाखवतात. ज्या क्वीन या बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी आपल्या पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकला, त्याच बँडचे हे गिटारवादक ब्रिटिश सहा पेन्सच्या नाण्याने वाजवतात. नाणे तांबे-निकेलचे, त्यामुळे तारांच्या मानाने मऊ. कडेला बारीक खाचा, त्यामुळे ठोक्याला किंचित खरखर. ते १९८० मध्ये चलनातून गेले, तेव्हा १९९३ च्या दौऱ्यासाठी ब्रिटनच्या टांकसाळीने त्यांना खास नाणी पाडून दिली. आपल्याकडे त्याला जवळचे ठरेल ते १९७० आणि ८० च्या दशकातले तांबे-निकेलचे २५ पैशांचे नाणे. सहा पेन्स १९.४ मिलिमीटर व्यासाचे, आपले चार आणे १९ मिलिमीटरचे. २०११ मध्ये तेही चलनातून गेले आणि अनेक घरांत डब्यात पडून आहे. ते कापू-घासू नये, तसेच कडेने वाजवून पाहावे. आजची बरीच नाणी स्टेनलेस स्टीलची, म्हणजे जास्त कठीण, आणि नाणे कापायला किंवा वितळवायला २०११ च्या नाणे कायद्याने मनाई आहे. डब्याच्या पत्र्याचा पिक मात्र कुणी करू नये. त्याची कड बोटे कापते, तारांचे वेटोळे खरवडते आणि गिटारच्या लाकडावर ओरखडे सोडते.

पदार्थ ठरला की निम्मे काम झाले. उरलेले निम्मे कडेचे. नवखा माणूस आकार अगदी रेखीव कापतो आणि कड तशीच ठेवतो. मग पिक तारेवर अडकतो, चरचरतो, आणि दोष पदार्थाच्या माथी येतो. टोक किती अणकुचीदार त्यावर स्वरातले वरचे घटक (हार्मॉनिक्स) अवलंबून असतात. टोकदार पिक तारेला अगदी लहानशा जागी स्पर्श करतो, म्हणून वरचे घटक मोकळे सुटतात आणि स्वर झळाळतो. गोल टोक जास्त जागा व्यापते, वरचे घटक दाबते, स्वर गोड आणि जाड होतो. आधी २२० नंबरच्या पॉलिश पेपरने दोन्ही बाजूंची कड तिरपी उतरवावी, मग ४००, ६००, शेवटी १००० नंबरचा ओला पेपर. घासण्याची दिशा कडेला समांतर असावी, कारण आडवे ओरखडे प्रत्येक ठोक्याला तारेवर ऐकू येतात. जीन्सच्या कापडावर थोडा वेळ जोराने घासले की चमक येते. अंगठ्याची जागा तेवढी खरबरीत सोडावी किंवा तिथे कागदाच्या पंचने भोक पाडावे. मग घामेजल्या बोटांतून पिक निसटत नाही.

एवढे सगळे प्लॅस्टिक झाल्यावर करवंटीकडे वळायला हवे. भारतीय संगीतात छेडण्याची साधने पुष्कळ: सतारीची पोलादी तारेची मिजराब, शाहिराच्या तुणतुण्याची लाकडी काडी. पण पिकच्या सर्वांत जवळचे साधन म्हणजे सरोदची जवा, आणि ती पिढ्यान्‌पिढ्या नारळाच्या करवंटीची होत आली आहे. सरोदच्या तारा पोलादी, गिटारच्याही पोलादी. जवा सरोदला चालते म्हणजे करवंटी गिटारलाही चालणारच. कोकणातल्या आणि गोव्यातल्या घरांत हा पदार्थ रोज चुलीत जातो, याची मला खंत वाटते.

करवंटी पूर्ण पिकलेल्या, सुक्या नारळाची घ्यावी. कोवळी वाळताना मुडपते. मोठ्या नारळाची असेल तर गोलाई कमी मिळते. डोळ्यांकडची बाजू टाळावी, तिथे शिरा जाड आणि जाडी असमान असते. बाजूचा सपाट वाटणारा तुकडा करवतीने कापून बाहेरचे तंतू चाकूने खरवडावेत, मग आतली-बाहेरची बाजू घासत अंगठ्याखालचा भाग अडीच-तीन मिलिमीटर आणि टोक एक मिलिमीटरच्या आसपास आणावे. उरलेली किंचित गोलाई काढू नये. अंगठा तिच्यात बसतो. शेवटी खोबरेल तेलाचे बोट फिरवून रात्रभर ठेवावे आणि सकाळी कोरडे पुसावे. टोक झिजून बोथट झाले की पुन्हा ६०० नंबरच्या पेपरवर चार-सहा हात मारायचे. एका करवंटीतून असे तीन-चार तुकडे निघतात, आणि प्रत्येकाची जाडी वेगळी ठेवली तर कोणता आपल्या हाताला बसतो ते आठवड्याभरात कळते.